विषाचं नाव कळेपर्यंत: एका नव्या अध्यक्षांकडून एकच अपेक्षा

आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

विषय जरा वेगळा आहे. विषशास्त्र, म्हणजे टॉक्सिकॉलॉजी. या विषयाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था असतात, त्यांना दर काही वर्षांनी नवा अध्यक्ष मिळतो आणि तो अध्यक्ष आपली उद्दिष्टं जाहीर करतो. ती वाचायला घ्या, साधारण सारखीच असतात. सभासद वाढवू, तरुणांना संधी देऊ, नियतकालिकाचा दर्जा उंचावू, परदेशी संस्थांशी करार करू, पुढची परिषद आणखी मोठी करू. यातलं काही वाईट नाही. पण मी चिकलठाण्यात राहतो आणि इथून बघताना त्या यादीत एक गोष्ट सापडत नाही. तीच आज बोलायची आहे.

आधी एक प्रश्न संपवून टाकू. सॉफ्टवेअरवाल्याला विषाचं काय पडलंय? तर मी ज्या कामात आहे ते प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरचं आहे. चिकलठाणा एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत, लुपिन, वोक्हार्ट ही नावं इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. अशा कारखान्यांत कच्चा माल आला की नमुना काढतात, यंत्रावर लावतात, आकडा येतो, आणि तो आकडा माणसाने हाताने टाइप न करता थेट यंत्रातून नोंदीत जावा, नंतर कुणी बदलला तर कोणी, कधी, का बदलला हे दिसावं, यासाठी सॉफ्टवेअर लागतं. बी.टेक.ला असताना हे असलं काम असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पाच-सहा वर्षं हेच केल्यावर एक सवय लागते. कुठलीही दुर्घटना पेपरात वाचली की पहिला प्रश्न डोक्यात येतो: याची नोंद कुठे आहे?

आता संस्थांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे विषशास्त्राचं संशोधन म्हटलं की लखनौ. १९६५ मध्ये तिथे औद्योगिक विषशास्त्राचं केंद्र सुरू झालं, आज त्याला आयआयटीआर म्हणतात. सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी, इंडिया ही संस्था १९७९ ची. दुसरी इंडियन सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी, ती कोचीचे डॉ. व्ही. व्ही. पिल्ले यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पहिलीत प्रयोगशाळेतले संशोधक जास्त, दुसरीत न्यायवैद्यक आणि दवाखान्यातले डॉक्टर जास्त, असा ढोबळ फरक. आणि दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास फोनवर. म्हणजे माणसं आहेत, ज्ञान आहे, इमारती आहेत.

मग अडतं कुठे? एक उदाहरण घेतो, आणि त्यावर जरा वेळ घालवणार आहे, कारण ते आमच्या धंद्याच्या फार जवळचं आहे.

डायइथिलीन ग्लायकॉल. रंग नाही, दाट, चवीला गोडसर. ब्रेक ऑइलमध्ये, गाडीच्या कूलंटमध्ये वापरतात. ग्लिसरीन आणि हे शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्यांनी ओळखता येत नाही. सिरप बनवताना औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं. ते महाग, औद्योगिक दर्जाचं स्वस्त. ड्रम तीन-चार हातांतून फिरतो, प्रत्येक टप्प्यावर प्रमाणपत्राची झेरॉक्स पुढे जाते, आणि शेवटी ज्याच्या दारात ड्रम येतो तो लेबलवर विश्वास ठेवतो. तपासणी अवघड नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीवर लावलं की कळतं. मर्यादा ०.१ टक्का.

पोटात गेल्यावर आधी उलट्या, पोटदुखी. मग दोन-तीन दिवसांत लघवी बंद. मूत्रपिंडं जातात. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हे सिरप ज्याला दिलेलं असतं ते लेकरू आधीपासूनच आजारी असतं. ताप होता, खोकला होता, आता उलट्या होतायत, म्हणजे आजार वाढला असंच सगळ्यांना वाटतं. आई आणखी एक चमचा पाजते.

हे जगाला कधी कळलं? १९३७ मध्ये. अमेरिकेत सल्फा औषधाचं रास्पबेरीच्या चवीचं सिरप निघालं होतं, विरघळवायला हेच वापरलेलं. शंभरावर माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा बदलला. आपल्याकडे १९७२ मध्ये मद्रासला मुलं गेली. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या औषधातून १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्यांनी दवाखान्यापासून एफडीएपर्यंत सगळ्यांची सालं काढली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या वडिलांच्या पिढीला ‘लेंटिन’ हा शब्द अजून आठवतो. नंतर १९९८ मध्ये गुरगावला ३६ मुलं, त्यातली ३३ गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूजवळ रामनगरला. २०२२ मध्ये आपल्या देशात बनलेलं सिरप गांबियात गेलं आणि तिथे सत्तरच्या आसपास मुलं. आणि २०२५, छिंदवाडा.

छिंदवाडा मध्य प्रदेशात असलं तरी त्या भागातला माणूस आजारी पडला की नागपूरला येतो. ती मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आली, त्यातली बरीच तिथेच गेली. वीसहून जास्त मुलं. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मुलं दगावत होती, बंदी आली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मधल्या काळात पाणी तपासलं, डास तपासले, संसर्ग आहे का हे बघायला पुण्याच्या एनआयव्हीकडे नमुने गेले. तेही करायलाच हवं होतं, त्यात दोष देण्यासारखं काही नाही. पण शेवटी तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मर्यादा ०.१, निघालं ४८.६. म्हणजे बाटलीत जवळजवळ अर्धं तेच होतं.

आमच्या भाषेत याला म्हणतात, तोच बग पुन्हा पुन्हा रीओपन होतोय. एखादा बग सात वेळा उघडला गेला तर आम्ही कोड लिहिणाऱ्याला शिव्या घालत बसत नाही. म्हणजे, घालतो, पण नंतर (हसतो). आधी बघतो की पहिल्या वेळी जे कळलं होतं ते दुसऱ्या वेळी समोरच्या माणसापर्यंत पोहोचलं का नाही. आजारी मुलात अचानक लघवी बंद, एकाच तालुक्यातली तीन-चार मुलं, सगळ्यांच्या घरी सिरपची बाटली: ही खूण १९९८ च्या गुरगावच्या अभ्यासात छापलेली आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात. ती परासियातल्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी आपोआप यायला हवी होती. छापून येणं आणि पोहोचणं यात एवढं अंतर आहे.

एक बाजूची गोष्ट. गांबियानंतर, २०२३ च्या १ जूनपासून, परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला ठरलेल्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल सक्तीचा झाला. देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला तेव्हा तशी अट घातली नाही. यावर मी फार बोलत नाही, तुम्हीच बघा.

आता औषधाच्या कारखान्यातून शेतात जाऊ, कारण मराठवाड्यात विष म्हटलं की शेतच आठवतं. इथे भाषेचीच एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणवत नाही. आपण कीटकनाशकाला औषध म्हणतो. ‘कपाशीला औषध मारलं.’ दुकान कृषी केंद्र असलं तरी बोलताना ‘औषधाचं दुकान’. आणि गावात कुणी हळू आवाजात म्हणालं की ‘त्यानं औषध घेतलं’, तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. बरं करणारं आणि मारणारं, दोन्हीला एकच शब्द. डॉक्टर विचारतात, ‘कोणतं औषध घेतलं?’ आणि नातेवाईक सकाळच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगतात. हे मी ऐकलेलं आहे.

माझा मामा जालना जिल्ह्यात कपाशी करतो. काही वर्षांपूर्वी फवारणी करून घरी आला आणि दुपारी तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे अंधुक, घामाने चिंब. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबरच होता: काय मारलं होतं? आता पंपात दोन औषधं एकत्र केलेली, वर दुकानदाराने दिलेलं एक ‘टॉनिक’. नावं कुणालाच धड सांगता येईनात. मामेभाऊ मोटरसायकलवर परत शेतात गेला, बांधावर रिकाम्या बाटल्या शोधल्या, आणल्या. लेबलवरची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. तोपर्यंत डॉक्टरांनी लक्षणांवरून ॲट्रोपिन सुरू केलं होतं, बुबुळं बारीक झालेली दिसत होती म्हणून. मामा वाचला. पण सगळ्याच कीटकनाशकांना ॲट्रोपिन चालत नाही. ऑरगॅनोफॉस्फेटला चालतं. काहींना उताराच नाही, तिथे फक्त श्वास, रक्तदाब सांभाळत राहायचं. म्हणून नाव लागतं.

२०१७ च्या खरिपात हेच यवतमाळ जिल्ह्यात शेकडो घरांत झालं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळी, उकाडा, अंगावर साधा शर्ट, आणि दोन-तीन औषधांचं मिश्रण. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. ऑरगॅनोफॉस्फेटची विषबाधा किती आहे हे कळायला रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजतात. ती सोय तिथल्या सरकारी रुग्णालयात तेव्हा नव्हती. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या कापूस पट्ट्यांपैकी एक, आणि ही तपासणी नाही. विशेष तपास पथक नेमलं गेलं, अहवाल आला, मोनोक्रोटोफॉसबद्दल शिफारशी आल्या. पुढे २०२१ मध्ये यवतमाळचं प्रकरण स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या न्यायालयात गेलं, वाचलेला एक शेतकरी आणि दोन विधवा एका कंपनीविरुद्ध. कंपनीने आरोप नाकारले. तिथे सगळा वाद कुठे येऊन थांबतो? कोणत्या माणसाच्या अंगावर कोणतं रसायन पडलं होतं, याचा पुरावा काय. परत नोंद.

कायद्यात हे नाही असं नाही. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास भागात जहाजातून आलेल्या धान्य-साखरेवर पॅराथिऑन सांडलं होतं, शंभरावर माणसं गेली. त्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या २६ व्या कलमात आहे की राज्य सरकार डॉक्टरांना किंवा इतर कुणालाही विषबाधेची प्रत्येक घटना कळवायला सांगू शकतं. ‘शकतं’ या शब्दावर गाडी अडलेली आहे.

आता मला यातला सगळ्यात टोचणारा भाग सांगायचाय. पेपरमध्ये तुम्ही हजार वेळा वाचलं असेल, ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’. विषबाधेची केस आली की ती मेडिको-लीगल होते. पोलिसांना कळवायचं, जबाब, मृत्यू झाला तर शवविच्छेदन, व्हिसेरा बाटल्यांत भरून न्यायसहायक प्रयोगशाळेत. तशी एक प्रयोगशाळा आपल्या शहरातही आहे. तिथले रसायनतज्ज्ञ खरोखर शोधून काढतात की काय होतं. मग अहवाल जातो पोलिसांकडे, तिथून न्यायालयाच्या फाइलमध्ये. महिने लागतात. आणि ज्या डॉक्टरने त्या रात्री अंदाजाने उपचार केले, त्याच्याकडे तो अहवाल परत येण्याची कुठलीही ठरलेली वाट नाही. त्याचा अंदाज बरोबर होता की चूक, हे त्याला आयुष्यभर कळत नाही. आपल्या देशात आत्महत्यांपैकी साधारण चौथा हिस्सा विषाने होतो. म्हणजे दरवर्षी हजारो अहवाल तयार होतात, त्यात या देशातलं विषांचं सगळं ज्ञान आहे, आणि ते फडताळात गठ्ठ्याला बांधलेलं आहे. मी डेटावर पोट भरणारा माणूस आहे. मला हे वाचून झोप लागली नव्हती.

नोंदीने काय होतं ते आपल्याच माणसाने दाखवलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर, जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा. १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे लाल विंचू चावला की चांगली धट्टीकट्टी माणसं, लहान मुलं मरायची. पुस्तकात उपाय नव्हता. हा माणूस रुग्णाच्या खाटेशी बसून राहायचा आणि लिहायचा. नाडी, रक्तदाब, फुप्फुसात पाणी कधी होतं, किती तासांनी. त्या वह्यांतून त्यांच्या लक्षात आलं की प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथे लागू पडेल. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. जिथे शंभरातले तीस-चाळीस जायचे तिथे प्रमाण एक-दोनवर आलं. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. आता बघा, एका माणसाने एका आरोग्य केंद्रात वहीत हे केलं. देशात किती आरोग्य केंद्रं आहेत? आणि प्रत्येक ठिकाणी बावस्कर मिळतील ही अपेक्षा धरून व्यवस्था चालवायची का? मला तरी ते पटत नाही. असाधारण माणसाने केलेलं काम साधारण माणसाला करता यावं, यासाठीच तर संस्था असते.

आणि नोंद गोळा होऊन धोरण बदललं तर काय होतं, ते श्रीलंकेत दिसतं. तिथे कोणत्या कीटकनाशकाने किती माणसं प्रत्यक्ष मरतात हे दवाखान्यांतून मोजलं गेलं. मग १९९५ पासून टप्प्याटप्प्याने सगळ्यात घातक ती बाजारातून काढली, २००८ नंतर पॅराक्वाट, डायमेथोएट, फेन्थिऑनही. आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं. पीक बुडालं नाही. माणसांची दुःखं तीच होती, दुकानं तीच होती, फक्त हाताशी येणारी बाटली कमी घातक झाली. हे करायला ‘कीटकनाशक वाईट’ एवढं म्हणून चालत नाही. कोणतं, हे माहीत असावं लागतं.

तर आता अध्यक्ष महोदय, किंवा महोदया. तुमच्या यादीत पहिली ओळ ही असावी असं मला वाटतं: रात्री दोन वाजता आमच्या मिनी घाटीत, म्हणजे चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरला विषाचं नाव लवकरात लवकर कळावं, आणि त्याने जे पाहिलं ते देशाच्या मोजणीत जावं. बाकी परिषदा चालू द्या.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे, संस्थेचं नाही. बरोबर आहे, पैसा आणि सक्ती सरकारचीच. पण विचार करा, दवाखान्यातला डॉक्टर, न्यायसहायक प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ, एफडीएचा औषध निरीक्षक आणि कारखान्यातला विषशास्त्रज्ञ हे चौघं एका खोलीत कधी बसतात? आयोगापुढे. म्हणजे माणसं मेल्यावर. माणसं मरायच्या आधी ते एकत्र बसू शकतील अशी जागा म्हणजे ही संस्था. सगळे तिचे सभासद होऊ शकतात, कुणी कुणाचा साहेब नाही. एक पानाचा नमुना ठरवा, जास्त नको. वय, तालुका, वेळ, उत्पादनाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, लक्षणं, काय दिलं, काय झालं. रुग्णाचं नाव त्यात नकोच. नंतर प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला की त्याच नोंदीला जोडला जावा आणि डॉक्टरच्या फोनवर जावा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते काही रॉकेट नाही. चार जणांची टीम काही महिन्यांत बनवेल, मी स्वतः शनिवार-रविवार द्यायला तयार आहे. खरी अडचण वेगळी आहे. डॉक्टरला भीती असते की लिहिलं तर कोर्टात साक्षीला बोलावतील. त्याला दहा मिनिटं नसतात. आणि कंपनीला वाटतं आपल्या उत्पादनाचं नाव येईल. या तिन्ही गोष्टी कोडने सुटत नाहीत. त्यासाठी कुणीतरी वजनदार माणसाने मंत्रालयात, कोर्टात, उद्योगात जाऊन बोलावं लागतं, दोन वर्षं सतत. अध्यक्ष त्यासाठीच निवडतात ना?

अमेरिकेत विष माहितीची पन्नासवर केंद्रं आहेत, सगळ्यांचा फोन नंबर एकच, वर्षाला वीस लाखांच्या घरात फोन. कुठल्याही केंद्रात फोन आला की काही मिनिटांत तो राष्ट्रीय नोंदीत दिसतो. एका गावातून एकाच प्रकारचे चार फोन आले तर संगणकच ओरडतो. आपल्याकडे एवढं उद्या होणार नाही, मान्य. सुरुवात एका विभागापासून होऊ शकते. मराठवाड्यापासून करा. इथे कपाशी आहे, साप आहेत, औषधांचे कारखाने आहेत, घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि प्रयोगशाळाही आहे. बीड, जालना, परभणीचे रुग्ण शेवटी घाटीतच येतात. एवढं सगळं एका रस्त्यावर देशात फार ठिकाणी सापडणार नाही.

बरं, वेळ झाला. जाता जाता एक काम करा. एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर आहे १८०० ११६ ११७. घरात, शेतावर, कृषी केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवा. कुणाला विषबाधा झाली तर आधी दवाखाना, आणि सोबत बाटली न्या, नाही जमलं तर लेबलचा फोटो. फोटो पुढचा आणि मागचा, दोन्ही. मनात स्वतःला संपवायचे विचार येत असतील, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या, तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

विषशास्त्रात काम करणारं कुणी हे ऐकत असेल आणि माझं काही चुकतंय असं वाटत असेल, तर पुढच्या भागात या, माइक तुमचा. भेटू पंधरा दिवसांनी.